पत्ता आमच्याच नावाचा

मूलच्या बसस्थानकावर गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा बेहडाटोल्यातून सुनीताचा फोन आला. "भाऊ, आमच्या बाई गेल्या." सुनीता म्हणजे कौसल्याबाईंची सून. ज्या बाईनं साहेबांपासून कंपनीपर्यंत सगळ्यांना आल्या पावली परत पाठवलं, तिला मरणाला तेवढं परत धाडता येऊ नये, असा वेडा राग मनात आला.

आमची ओळखच भांडणातून झाली. सरकार आणि एक खासगी कंपनी मिळून घराघराला पत्ता द्यायचं काम निघालं होतं. गावांची नावं सरकारनं पुरवायची, नकाशा आणि यंत्रणा कंपनीची. मी कंपनीचा माणूस. प्रत्येक दारावर क्रमांकाचा बिल्ला ठोकायचा आणि टॅबवर नोंद करायची. मुलचेऱ्याच्या पुढच्या जंगलातला बेहडाटोला, म्हणजे मोजक्या घरांची वस्ती, मात्र टॅबमध्ये नव्हताच. तिथली सगळी घरं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात धरली होती. कौसल्याबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य. दार अडवून त्यांनी विचारलं, "माह्या घराचा पत्ता काय दाखवून राह्यला तो?" मी मोठ्या गावाचं नाव सांगितलं. "मंग बिल्ला तिथीच नेऊन ठोका. मी त इथी राह्यते."

त्या दिवशी टोल्यात एकाही दारानं बिल्ला घेतला नाही. कारण संध्याकाळी चहा पिताना कळलं. आदल्या पावसाळ्यात सुनीताला कळा सुरू झाल्या, दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी नोंदीतल्या मोठ्या गावात गेली आणि भरलेल्या नाल्यापलीकडं उभी राहिली. अलीकडच्या वाटेनं ती फिरून येईपर्यंत बाळ गेलं होतं. हे सांगताना बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सुनीता शेजारी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

मी वर कळवलं. तहसीलमधून उत्तर आलं, सध्या लावून घ्या, दुरुस्ती नंतर करू. बाई स्वतः तिथं गेल्या. "नंतर म्हंजे कधी? माह्या नातवानं वाट नाई पाह्यली." तिथले म्हणाले, यंत्रणा कंपनीची आहे. कंपनीच्या गडचिरोलीच्या कचेरीत म्हणाले, नावं सरकारची आहेत. बाई चार-पाचदा या दारातून त्या दारात गेल्या आणि मग जाणं थांबवलं. उलट ग्रामसभा बोलावली, ठराव केला, आणि बजावलं की दोघंही इथं आल्याशिवाय बिल्ला लागणार नाही. काम अडलं तसे तहसीलचे साहेब आले, कंपनीचे व्यवस्थापकही आले. बाईंनी दोघांना एकाच चटईवर बसवलं. "तुमी त्याईच्याकडं बोट दाखवता, ते तुमच्याकडं. आता शेजारी बसले, दाखवा."

कोणी बोट दाखवलं नाही. साहेब हळूच म्हणाले, "बाई, टोल्याला महसुली गाव म्हणता येत नाही." बाई म्हणाल्या, "गाव नका म्हणू. टोला म्हणा. पण आमचा म्हणा."

पुढं बरेच महिने गेले. नाव आलं तेव्हा 'भेंडाटोला' असं आलं. सगळे म्हणाले, चालतंय, घ्या आता. बाईंनी तेही परत पाठवलं. बरोबर नाव आलं, तेव्हाच हातोडी आणू दिली.

बाईंच्या छातीत दुखू लागलं तेव्हा गाडी सरळ टोल्यात आली, कुठं विचारावं लागलं नाही. तरी गडचिरोलीच्या दवाखान्यात त्या गेल्याच. तेरवीला कुणीतरी म्हणालं, एवढं भांडून काय मिळालं... मला ते सहन झालं नाही, आजही होत नाही. बाई काही मरण टाळायला भांडत नव्हत्या. आपलं माणूस दुसऱ्याच्या गावात शोधलं जाऊ नये, एवढ्यासाठी भांडत होत्या, आणि ते त्यांनी मिळवलं.

परवा पुन्हा गेलो होतो. टोल्यात फोनला रेंज फक्त त्यांच्या उंबऱ्यावर येते, म्हणून बाई तिथंच एक हात चौकटीला लावून बोलायच्या. आता तिथं सुनीता उभी होती. सिलेंडरवाला पलीकडून म्हणत होता, मोठ्या गावाच्या नावावर टाकतो, तेवढंच सोपं. चौकटीवरचा तिचा हात घट्ट झाला.

"सोपं नोको. बेहडाटोला लिहा," ती म्हणाली. "लिहून होईस्तोवर मी फोन ठेवत नाई."