गोळ्यावरची चार बोटं

वडील गेल्यानंतर आई सिन्नरहून माझ्याकडे नाशिकला आली, ती एक पिशवी घेऊन. पिशवी तिने कपाटात ठेवली नाही, दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवली. "पाहते थोडे दिस. नाय करमलं तर जाईन." सिन्नरच्या घरात आता कुणीच नव्हतं. तिने तिथे एकटीने राहू नये असं मला वाटत होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही. आमच्याकडे असलं काही बोलून दाखवायची पद्धत नाही. मी आपली रोज कामावरून आले की आधी कोपऱ्यात बघायची, पिशवी आहे ना म्हणून.

अंबडच्या एका कारखान्यात मी तयार मालाची तपासणी करते. ओरखडा दिसला की भाग बाजूला काढायचा, दिवसभर हेच. माणूस आठ तास खोट काढत बसला की घरी येऊन काही वेगळं करत नाही. रविवारी मी पाव भाजते, तोही तसाच काटेकोरपणे. बाजारचं यीस्ट नाही. पीठ आणि पाणी आंबवून केलेलं खमीर. काचेच्या बरणीत ते तीन वर्षं जिवंत आहे. रोज त्यातलं थोडं काढायचं, नवं पीठ-पाणी घालायचं, एवढीच त्याची सेवा.

आईला बरणी समजावून सांगावी लागली नाही. झाकण उघडून तिने वास घेतला आणि म्हणाली, "विरजणच की." मी काट्यावर ग्रॅम मोजून पीठ घालायचे, ती मुठीने घालू लागली. डिसेंबरच्या थंडीत खमीर हलेना, तेव्हा तिने बरणी माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळून फ्रीजच्या डोक्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत ते काठाला आलं होतं. मी टाकून देत असे त्या खमिराची ती धिरडी करायची. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा हेवाच वाटला.

बिनसलं ते गोळ्यावरून. शनिवारी संध्याकाळी मी पिठाला गोल आकार देते, फडकं घातलेल्या टोपलीत तो गोळा ठेवते आणि टोपली फ्रीजमध्ये जाते. सकाळी तो उलटा करून बिडाच्या भांड्यात भाजायचा. एका रविवारी टोपली बाहेर काढली तर गोळ्यावर चार खड्डे. भाजल्यावर ते पावाच्या बुडाशी गेले, म्हणजे कुणाला दिसणारही नव्हते. पण मला दिसत होते, आणि तेवढ्या जागेत पाव गच्च राहिला होता.

"मळलेलं पीठ असं गोल नाय ठेवायचं," आई म्हणाली. "बोटं दाबायची त्याच्यावर." ही रीत मला नवीन नव्हती. उरलेली कणीक पिंडासारखी दिसू नये म्हणून आमच्या मावश्याही बोटं उमटवतात. मी हसले आणि विषय सोडून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा चार खड्डे, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "माझ्या पिठाला हात लावायचा नाही, आई. हे सिन्नर नाही."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ती "बरं" म्हणाली आणि आठवडाभर पाहुण्यासारखी वागली. चहा देऊ का, असं मला विचारून देऊ लागली. बरणीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी घरी आले तर कोपरा रिकामा होता. चपला न काढताच मी आत गेले. पिशवी आतल्या कॉटवर होती, गच्च भरलेली, आणि शेजारी आई.

"उद्याच्या एसटीनं जाते म्हणते."

"चार बोटांवरून?" मी विचारलं. माझा आवाज अजूनही तपासणीचाच होता.

"तू बोललीस म्हणून नाय," ती म्हणाली. "पाणी घ्यायला फ्रीज उघडला का तो गोळा दिसतो. रामकुंडावर तुझ्या बापाचा ठेवला व्हता, तसा. बोटं दाबली का मग तो पाव वाटतो मला. तू बी व्हतीस की तिथं."

मी होते. दहाव्याला आई माझ्या शेजारीच उभी होती. कावळा शिवतो की नाही, गुरुजींना आणखी काय हवंय, यातच मी होते. पिंड मी नीट पाहिलाच नव्हता. दिवसभर ओरखडे शोधणारी मी, मला शेजारी उभी असलेली आईही दिसली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

मी ओट्याशी गेले. सकाळी जाताना पीठ भिजवून ठेवलं होतं. गोळा वळला, टोपलीत ठेवला आणि फ्रीजकडे न जाता टोपली तिच्यापुढे धरली.

"दाब," म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. उठून हात धुतले, ओल्या हाताने चार बोटं खोलवर दाबली. मग ती पिशवीकडे वळली आणि एकेक लुगडं बाहेर काढू लागली. तळाशी एक पांढरी घडी होती, ती हाती लागेपर्यंत पिशवीतलं सगळं कॉटवर आलं होतं. घडी वडिलांच्या धोतराची होती, फाडून ठेवलेला अर्धा तुकडा.

"तुझं फडकं चिकटतं पिठाला," ती म्हणाली. "पुढच्या बारीला हे अंथर. धुऊन धुऊन मऊ झालंय."

मी घडी घेतली. आईने कॉटवरच्या लुगड्यांची चळत केली, उचलून पोटाशी धरली आणि विचारलं, "कपाटातला कोणता कप्पा रिकामा हाय?"