नाकारलेली खोली

बारामतीहून इंदापूरला जाताना निमगाव केतकीच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला आमचा लॉज आहे. नऊ खोल्या, खाली जेवणाचा हॉल, समोर गाड्या लावायला मोकळी जागा. माझे वडील पणदऱ्याकडच्या एका शाळेत हेडमास्तर होते. घरात आम्ही आणि बाहेर सगळेच त्यांना आबा म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा लॉज बांधला. मी तेव्हा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होतो. ती नोकरी सोडली आणि काउंटरवर बसायला लागलो.

मास्तर माणसानं लॉज कशाला काढावा, असं पुष्कळांनी विचारलं. आबा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून न्यायचे. खरं कारण घरात आम्हाला ठाऊक होतं. नोकरीच्या सुरुवातीला परीक्षेच्या कामासाठी त्यांना एका तालुक्याच्या गावी मुक्कामाला जावं लागलं होतं. तिथल्या लॉजवाल्यानं आधी आडनाव विचारलं. आमच्या आडनावावरून पटकन अंदाज येत नाही, म्हणून मग गाव विचारलं, आणि गावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारलं. एवढं झाल्यावर खोल्या भरल्यात म्हणाला. त्याच्या मागे फळीवर खिळ्यांना किल्ल्या टांगलेल्या दिसत होत्या. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती. आबा एसटी स्टँडवर बाकावर झोपले आणि सकाळी नळावर तोंड धुऊन कामावर हजर झाले.

आमचा लॉज सुरू झाला त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, की आलेल्या माणसाला आधी पाणी, मग खोली, आणि वहीत नाव सगळ्यात शेवटी.

हे सगळं माहीत असताना मी जे केलं ते आता सांगतो.

फेब्रुवारीचे दिवस होते. उसाचा हंगाम जोरात होता, रस्त्यावर सारख्या ट्रॉल्या. आबा दाढ काढायला बारामतीला गेले होते. महिनाभर आधीच मी सगळ्या खोल्यांतली जुनी फरशी काढून पांढरी चकचकीत टाइल बसवून घेतली होती. माझाच हट्ट होता तो. बोअरवेलच्या गाडीवरची माणसं राहून गेली तेव्हा एका खोलीत लोखंडी सामान ओढल्याचा काळा ओरखडा पडला होता आणि तो कशानंच निघत नव्हता. तेव्हापासून मी येणाऱ्याच्या पायांकडे बघायचो.

साडेपाच वाजले असतील. एक बाई सायकलवरून आल्या. पन्नाशी ओलांडलेली, एकट्याच. सायकलच्या मागे दोन्ही बाजूंना पिशव्या बांधलेल्या, चेहरा धुळीनं आणि घामानं पिठासारखा झालेला. साताऱ्याहून पहाटे निघाले आणि सोलापूरला बहिणीकडे चाललेय, असं त्यांनी सांगितलं. खाली खोली आहे का, विचारलं. होती. मग त्यांनी विचारलं, सायकल खोलीत घेता येईल का.

मी नाही म्हणालो. बाहेर लावा, वॉचमन असतो, काही होत नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या लांबच्या प्रवासात सायकल नजरेआड झाली की झोप लागत नाही, एकदा चोरीला गेलीय. चाकं पुसून घेते, खाली वर्तमानपत्र अंथरते. मी म्हटलं, मॅडम, नियम आहे. असा कुठलाच नियम नव्हता. तो मी त्या क्षणी केला.

त्यांनी वाद घातला नाही. मागच्या चाकातली हवा हळूहळू जात होती. पंक्चर कुठे आहे ते बघायला बादलीभर पाणी मिळेल का, म्हणाल्या. मागचा नळ त्या वेळी बंद असायचा. मोटार चालू करावी लागली असती. मी सांगितलं, पंक्चरवाला इंदापुरातच मिळेल, दहा-बारा किलोमीटर आहे, तिथे लॉजही पुष्कळ आहेत. आणि हेही विचारलं, की तुम्ही एकट्याच कशा काय? घरचं कोणी नाही का बरोबर? स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या, पायरीवर दोन मिनिटं बसल्या. मग एका छोट्या पंपानं चाकात हवा भरली. त्याला बराच वेळ लागला. मी काउंटरवरून बघत होतो. मग त्या निघून गेल्या.

संध्याकाळी आबा आले. गालात कापूस होता, बोलता येत नव्हतं. मला सांगावंसं वाटलं नाही.

सकाळी दूधगाडीचा ड्रायव्हर चहाला थांबला. माझी बायको त्याला चहा देत होती. तो तिला म्हणाला, "काल दिवस मावळताना एक बाई ट्रॉलीला धडकली की वं. सायकलवाली. उसाची ट्रॉली कडंला बंद पडल्याली, मागं लाल दिवा न्हाय का काय न्हाय. आधी इंदापूरला नेली, तितनं बारामतीला."

जिवंत आहे का, मी विचारलं. "व्हय, जित्ती हाय म्हणं. पाय गेला बहुतेक," तो म्हणाला.

मी हिशेब मांडत राहिलो. साडेपाचला आल्या, पावणेसहाला निघाल्या असतील. दहा किलोमीटरला पाऊण तास. पण चाकातली हवा जात होती. वाटेत दर थोड्या वेळानं त्या उतरत असतील, हवा भरत असतील, पुन्हा निघत असतील. तेवढ्यात अंधारून आलं असेल. बादलीभर पाण्याचा प्रश्न होता.

आबा हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं, नियमाची थापही सांगितली. त्यांनी पेपराची घडी घातली. मला वाटलं ओरडतील. शाळेत ते ओरडायचे, मला माहीत होतं. पण ते बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "आपल्या दारातनं माणूस परत गेलं."

मी म्हटलं, आबा, मी जात बघून नाही पाठवलं त्यांना.

"तिला काय त्याचं," ते म्हणाले. "तिला खोली मिळाली नाही." आणि पायात चपला सरकवून म्हणाले, "चल."

बारामतीच्या दवाखान्यात त्या सापडल्या. सोलापूरची बहीण येऊन बसली होती. त्यांचा उजवा गुडघा पार चुरला होता, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आबांनी हात जोडले आणि सांगितलं, काल ज्या लॉजनं तुम्हाला खोली दिली नाही त्याचा मालक मी, आणि हा माझा मुलगा. बहीण एकदम उभी राहिली. तिला वाटलं असावं, आम्ही काही मिटवामिटवी करायला आलोय. बाईंनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही काल माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत," त्या म्हणाल्या. "सगळा वेळ चाकांकडे बघत होता."

मी चुकलो असं काहीतरी पुटपुटलो. आबांनी खिशातून छोटी वही काढली. त्यांची ती शाळेपासूनची सवय होती. लॉजमध्ये काय असायला हवं होतं ते सांगा, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, आज नको.

आबांनी त्यांच्या बहिणीचा नंबर घेतला होता. महिन्याभरानं त्यांनी फोन लावला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा बाई स्वतः बोलल्या, आणि पुष्कळ वेळ बोलल्या. आबा कान आणि खांद्यामध्ये फोन धरून लिहीत होते. मी समोर होतो. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, आबांच्या "बरं" आणि "ते का?" वरून अंदाज घेत होतो. नंतर वही वाचली. त्यात मला वाटत होतं तसं अवघड काहीच नव्हतं. सायकल खोलीत, किंवा खिडकीतून दिसेल अशा कुलपाच्या जागेत. बादली, चिंध्या, उभा हवेचा पंप. घामाचे कपडे वाळत घालायला दोरी. नाश्ता आठला नको, उजाडायच्या आधी, आणि भरपूर. लिंबूपाणी आल्याबरोबर. एकट्या बाईला एकटी का, हे विचारायचं नाही. सगळ्यात खाली आबांनी दोन रेघा मारून लिहिलं होतं, की खोली नसली तर पुढच्या ठिकाणी फोन करून जागा पक्की करायची, आणि माणूस पोचला का ते विचारायचं.

बाईंचा गुडघा आता वाकत नव्हता. पुन्हा सायकल चालवणं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं आबांनी फोन ठेवल्यावर सांगितलं. बोलताना बाई एकदाही रडल्या नाहीत, असंही म्हणाले. तेच आबांना जास्त लागलं होतं.

उन्हाळ्यात आबांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांतली माझी टाइल काढायला लावली. खडबडीत शहाबादी फरशी बसवली. दारं रुंद करून घेतली. मिस्तरी म्हणाला, "आबा, ही तर नवी हाय की, चांगल्या मालाची." आबा म्हणाले, "चांगलीच हाय. काढ." मी ते उचकटलेले तुकडे मागच्या बांधावर नेऊन टाकले.

सायकलवाले यायला लागले. सोलापूरचा हमरस्ता चौपदरी झाल्यावर पुण्याहून तिकडे जाणारे काही जण तो टाळून इकडून जातात. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावरचे पक्षी बघायला सायकलवर निघालेले असतात. एकानं दुसऱ्याला सांगितलं. आबा पहाटे चारला उठून माझ्या बायकोबरोबर पोहे करायला उभे राहायचे. निघालेल्या प्रत्येकाचा नंबर घ्यायचे आणि दुपारी फोन करायचे. काही जण त्याला वैतागायचे. एकजण म्हणाला, काका, मी लहान नाहीये. आबांनी तरी दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला.

माझ्याशी मात्र ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. रागावलेले नव्हते, जेवायला हाक मारायचे, नातीच्या अभ्यासाचं विचारायचे. पण काउंटरवर मी असलो की ते बाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. कोणी आलं की उठून आधी तेच पुढे जायचे. दीड वर्ष असं चाललं. मग त्यांचं हृदयविकारानं निधन झालं. सकाळी, अंगणात, हातात लिंबं होती. त्या संध्याकाळबद्दल आमचं मोकळं बोलणं राहूनच गेलं.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं मी बाईंना कळवलं. त्या येतील असं वाटलं नव्हतं. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी गाडीनं आल्या, काठी टेकत, पाय सरळ ठेवून. आबांच्या तसबिरीला फुलं वाहिली. बायकोनं चहा केला. मी त्यांना तळमजल्यावरच्या खोल्या दाखवल्या, कोपऱ्यातला पंप, भिंतीवरचे सायकल टांगायचे हूक. त्यांनी पंपाची मूठ एकदा खालीवर करून बघितली.

"चांगलं केलंय तुमच्या वडिलांनी," त्या म्हणाल्या.

मी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. ऊन फार आहे, उद्या सकाळी निघा, असं म्हणालो. त्या दारात थांबल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "नाही. मला इथं झोप यायची नाही." मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं. माफी मागायची माझी वेळ दवाखान्यातच होऊन गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

आता लॉज मी एकटाच बघतो. सायकलवाल्यांमध्ये आमचं नाव चांगलं आहे. इंटरनेटवर लोक लिहितात, फोटो टाकतात. कोणीतरी हमखास विचारतं, तुम्ही स्वतः सायकल चालवता का, इतकं सगळं कसं सुचलं. मी सांगतो, वडिलांना सायकलींची फार आवड होती. खरं तर आबांना सायकल येत नव्हती. शाळेत ते आयुष्यभर चालत गेले. पण समोर घाम पुसत उभ्या असलेल्या, लिंबूपाणी पिणाऱ्या माणसाला खरं सांगायला तोंड उघडत नाही. तो खूश होतो, माझ्याबरोबर फोटो काढतो.

हंगामात दिवस कलायला लागला आणि कोणी सायकलवाला खोली नको म्हणून पुढे निघाला, की मी त्याला थांबवायचा प्रयत्न करतो. बहुतेक थांबत नाहीत, इंदापूर जवळच आहे म्हणतात. मग मी नंबर घेतो. तासाभरानं फोन लावतो. कधी लगेच उचलतात, कधी नाही. उचलेपर्यंत बायको मला जेवायला बोलावत नाही.