साहेबांच्या डोळ्याच्या तीन चकत्या

आमचे दाजी खोटे डोळे बनवतात. अपघातात, आजारात ज्याचा डोळा गेला त्याला उरलेल्या डोळ्याशी तंतोतंत जुळणारा प्लास्टिकचा डोळा करून देतात. या जुळवण्याचा त्यांना एवढा गर्व, की देव समोर उभा राहिला तरी आधी त्याच्या बुबुळाचा रंग कुठे फिका पडलाय ते सांगतील. ताईला पहिल्यांदा भेटले तेव्हा अर्धा तास तिच्या डोळ्यांत बघत बसले होते. ती बिचारी लाजून चूर झाली. हे छटा मोजत होते.

त्यांच्या कुत्र्याचं नाव साहेब. नावच तसं, म्हणून आम्ही सगळे त्याला अहो-जाहो करतो. साहेब जेवले, साहेबांनी माझी चप्पल फाडली. गिऱ्हाइकांना आपली कला दाखवायची म्हणून दाजींनी साहेबांचा उजवा डोळा एका चकतीवर रंगवून काचेच्या कपाटात ठेवला होता. मधासारखा तपकिरी, आणि खालच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका. "तीळ आहे. असा तीळ रंगवायला हात लागतो," असं ते न विचारता सांगत.

वर्षभराने कपाट पुसताना त्यांनी ती चकती साहेबांच्या डोळ्याशेजारी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. रंगवलेला ठिपका लहान होता. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ठिपका वाढलाय. दाजी म्हणाले, "माझा हात चुकला." चार दिवस अन्न गोड लागलं नाही. मग नवी चकती रंगवली, ठिपका मोठा केला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

"अहो, तुमची चूक दर वेळी लहानच कशी होते?" ताई म्हणाली. "एकदा तरी ठिपका मोठा काढायचात."

"तुला यातलं काय कळतं?" दाजी म्हणाले आणि तिसरी चकती रंगवायला बसले.

त्यानंतर वर्ष व्हायच्या आतच साहेबांचा तो डोळा लाल झाला, त्यातून पाणी यायला लागलं. मी आणि दाजी त्यांना जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा मालवला, बॅटरीने आत पाहिलं, डोळ्यातला दाब मोजला.

"डोळ्याच्या आत काळी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "कुत्र्यांमध्ये अशा बहुतेक गाठी अंगात पसरत नाहीत. काही पसरतात, ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण हिने डोळ्यातलं पाणी अडवलंय, दाब फार चढलाय. हा ठिपका वाढत होता का?"

"अजिबात नाही. दर वेळी माझाच हात चुकला, माझ्याकडे पुरावा आहे," दाजी म्हणाले, आणि खिशातल्या डबीतून तिन्ही चकत्या काढून टेबलावर मांडल्या. त्यांच्या धंद्यात जुनी चकती फेकत नाहीत आणि प्रत्येकीच्या मागे तारीख घालतात. पहिलीवर मोहरी, दुसरीवर मिरी, तिसरीवर हरभऱ्याची डाळ.

डॉक्टरीणबाई एकेक उलटून तारखा वाचत राहिल्या. "इतकी नीट नोंद माझ्याकडे आजवर कुणीच आणली नव्हती," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. दाजींची खोडी काढायची संधी मी कधी सोडत नाही. त्या दिवशी मात्र मी चकत्या गोळा करून डबीत भरल्या.

डोळा काढायचं ठरलं. दाजी लगेच सावरून बसले. "मी नवा करून देतो. दोन दिवसांत."

"गरज नाही. आम्ही पापण्या शिवून टाकतो. कुत्र्यांचं काही अडत नाही."

दाजींना ते भलतंच झोंबलं. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. "शेकडो माणसांना डोळे दिले मी, आणि माझ्याच घरातला असा फिरणार?"

"माणसं लोकांसाठी डोळा लावतात," ताई म्हणाली. "साहेबांना कुणाला दाखवायचंय? आधी जगू देत त्यांना."

ऑपरेशन झालं आणि गाठ तपासायला गेली. तो आठवडा दाजींनी एकही डोळा रंगवला नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, हात दुखतोय. मग रिपोर्ट आला. गाठ साधी होती, पसरणारी नव्हती. ताई भर दुकानात रडली. मला एवढा आनंद झाला की जीभ सुटलीच. "दाजी, अभिनंदन! तुमचा हात एकदाही चुकला नव्हता." ते हसले नाहीत.

टाके काढून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझा बूट पळवला. जिना चढले, वळणावर उजवीकडून कठड्याला आपटले, तरी बूट सोडला नाही. वर जाऊन भुंकायला लागले. दोन वर्षांत आम्ही त्यांना असं पळताना पाहिलं नव्हतं.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "आणि आपण समजत होतो, वय झालं म्हणून पडून असतात."

दाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. "दुखत होतं त्याला," ते म्हणाले. "दुखत होतं, आणि मी त्याची मान धरून रंग जुळवत होतो."