पद्मावतीची ओली चादर

मांद्र्यात देवळाच्या सभामंडपात रविवारी कराटे शिकवतात. देव गाभाऱ्यातून बघत असतो आणि काही बोलत नाही. माझी दशावतारी नाटकंही त्यानं अशीच सोसली. वर्गात सगळ्या शाळकरी मुली आणि त्यांच्यात एकटी पद्मावती. पन्नाशी उलटलेली, कमरेला तपकिरी पट्टा, गुडघ्यांना बाम.

ही माझी शेजारीण. समुद्राकडच्या एका गेस्ट हाऊसमध्ये चादरी धुते. नातीला वर्गात सोडायला गेली होती. नात रडून घरी बसली, आजी राहिली.

शिकवणारे श्रीनाथ सर बेळगावकडचे, डिचोलीच्या एका कारखान्यात वेल्डर. आता ते गावी परत निघाले होते. पद्मावतीनं काळा पट्टा मिळवला तर वर्ग तिच्या हाती, नाही तर वर्ग बंद. आणि त्या पट्ट्यासाठी एक अट होती. प्रत्येकानं आपलं शस्त्र निवडायचं आणि त्याचा स्वतःचा काता रचायचा. काता म्हणजे एकट्यानं करायची लढाई. वार खरे, शत्रू मनातला.

पद्मावती माझ्या पडवीत आली.

"नाना, तुमी जल्मभर दशावतारात तलवारी फिरवल्यात. माका एक युद्ध बसवून देवा."

"शस्त्र खयचा?"

"ओली चादर."

"गो बाय, शस्त्राक धार लागता!"

"एक फटको खावन बघा."

खाल्ला. पाठ दुसऱ्या दिवशीही टेकता येईना. मी शस्त्र मंजूर केलं.

मी युद्ध बसवलं ते अगदी राजेशाही. आधी गर्जना करत प्रवेश. मग प्रेक्षकांकडे बघून मिशीवर ताव.

"माका मिशी नाय."

"शत्रू मनातलो चलता, मगे मिशी कित्याक नाय चलाची?"

तिनं मनातल्या मिशीला पीळ भरला. डावा वार, उजवा वार, चादर डोक्यावरून गरगरा, शेवटी एक गुडघा टेकून छाती पुढे. माझ्या कानात पखवाज वाजायला लागला. रंगीत तालीम सभामंडपात, मुलींच्या देखत. सर आले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं.

"झकास आहे, काकू. पण सगळे वार पुढंच की. मागनं कोण आलं तर?"

पद्मावतीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांबाआडून गरजलो, "मागून कोण येणार? मागं पडदा असतो!"

मुली हसून लोळल्या. सर हसले नाहीत.

"शत्रू चारी बाजूंना असतोय, नाना. परीक्षक असं पास करणार न्हाईत."

घरी येऊन माझ्या पडवीत बसल्यावर पद्मावती फुटली. "पाठ दाखवूची नाय, पाठ दाखवूची नाय! काय शिकवलात ह्या?"

"गो, प्रेक्षकाला पाठ दाखवली म्हणून माझ्या गुरूनं मला भर तालमीत कानफटवलं होतं!"

"तुमच्या मागे पडदो होतो, नाना. माझ्या मागे सदा मालकीण."

मग हळूच म्हणाली, "मी चादरी वाळत घालतंय तेव्हा ती मागसून येता, डाग शोधूक. मी वळनंय नाय. चपलेच्या आवाजान समाजता, ती खय उभी आसा."

त्या दिवशी तिनं माझा प्रवेश, मिशी, गुडघा, सगळं काढून टाकलं. गर्जना तेवढी ठेवली. मी रुसलो नाही. म्हणजे फार वेळ नाही.

परीक्षेला परगावचे परीक्षक आले. जाड चष्मा, गळ्यात शिट्टी, चेहरा उपाशी. पद्मावतीनं बादली ठेवली, नमस्कार केला, चादर पिळली. चादरीचा साप झाला. चारी दिशांना असे फटके निघाले की खांबावरची पाल पळाली. आणि मग तिनं ती हवेतल्या दोरीवर वाळत घालायला घेतली. परीक्षकांकडे सरळ पाठ! माझे कान आपोआप गरम झाले.

परीक्षकांना तिचे हात दिसेनात. ते उठले आणि अनवाणी, मांजरासारखे तिच्या मागे गेले. गळ्यातली शिट्टी बटणावर टिकटिकली.

पद्मावती वळली नाही. गर्जना झाली, चादर तिच्या खांद्यावरून मागं आली. फाट्! परीक्षकांच्या नाकापुढे बोटभर अंतरावर चादर थांबली. पाणी मात्र थांबलं नाही.

सरांनी डोळे मिटले. वर्ग गेला, असं मला वाटलं. परीक्षकांच्या मिशीतून थेंब गळत होते.

"हा वार कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"मागसून येवन कामात खोड काढणाऱ्यांसाठी."

परीक्षकांनी सावकाश चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"यात खोड नाही," ते म्हणाले.

सर गावी गेले. आता रविवारी मुली घरातल्या चादरी पळवून आणतात आणि त्यांच्या आया पद्मावतीच्या नावानं शंख करतात. मी तालीम बघायला जातो. खांबाला पाठ घट्ट टेकून बसतो.