सुभेदारांचं वाकडं टेबल

सुताराच्या कारखान्यात दोन गोष्टींचा ढीग फार लवकर होतो. एक भुशाचा आणि दुसरा किश्शांचा. भुसा निदान पाण्याच्या बंबात जळून जातो. किस्से मात्र हातपाय धुऊन जरा टेकलं, की कोणीतरी पुन्हा उकरून काढतंच. सहावीतून शाळा सोडून मी कराडच्या या कारखान्यात आलो, त्याला आता आठ वर्षं झाली. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून काढतो. आणि लिहायचंच, तर ज्या एका कामानं आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं त्याचंच लिहितो. त्या टेबलाचं नुसतं नाव काढलं तरी माझे खांदे अजून भरून येतात!

*

लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मलकापुरात एका सुभेदारसाहेबांनी नवं घर बांधलं. दारं, खिडक्या आमच्याच कारखान्याची. घरासाठी जागेवरचं शिरसाचं जुनं झाड पाडावं लागलं होतं. त्याच्या फळ्या वर्षभर सावलीत वाळत ठेवल्या होत्या. त्यातली सगळ्यात रुंद फळी दाखवून साहेब म्हणाले, "दादा, याचं डायनिंग टेबल करायचं. पण दोन्ही कडा झाडाच्या हायत तशाच ठेवायच्या. नुसती साल काढा. सरळ करू नका."

दादा मिस्त्री म्हणजे आमचे मालक. काटकोन तपासायच्या त्यांच्या गुण्याला सबंध तालुक्यात तोड नाही. त्यांनी फळीच्या वाकड्या कडेवर गुण्या टेकवून बघितला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, सरळ करायला जमत न्हाई ती मानसं वाकडं ठेवत्यात. आमास्नी जमतंय की!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी उजवा पाय पुढे केला. इटलीत गुडघ्यात गोळी लागली, तेव्हापासून तो पाय वाकतच नाही. "खाली बसता येत न्हाई मला. पंगत तिकडं आनि मी हितं खुर्चीवर, स्टुलावर ताट घेऊन. घरी आल्यापास्नं एकटाच जेवतोय. इटलीत एका शेतकऱ्याच्या घरी असलंच टेबल बघितलं. म्हातारी, सून, गडी, समदी एकाच फळीला बसायची. मलापन बसवलं." मग रस्त्याकडं तोंड करून ते म्हणाले, "आमची ही मला वाढती आनि मग आत जाऊन जेवती. तीस वर्षं झाली लग्नाला. ती जेवताना कशी दिसती, मला ठावं न्हाई."

दादांनी ऑर्डर घेतली.

*

शिरसाचं लाकूड दिसायला देखणं, पण मोठं हट्टी. त्याचे धागे एक हात इकडे धावतात, एक हात तिकडे. रंधा सरळ मारला की पुढे चिरफाळी उठते, उलटा मारला की मागे उठते. फळी साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद. आठ दिवस मी नुसता रंधा मारत होतो. जेवताना घास तोंडाकडे न्यायला हात वर होत नव्हता. मी इतरांचं जेवायचं टेबल करत होतो आणि माझं स्वतःचं जेवण बंद पडायची वेळ आली होती!

आमच्या कारखान्यातला महादू माझ्याच वयाचा, पण तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "गड्या, रंधा मारतोयस का झाडाची माफी मागतोयस?"

*

त्याच दिवसांत सांगलीचे एक अण्णा आले. जैन व्यापारी, हळदीची पेढी. त्यांना गादीपुढे ठेवायला उतरतं डेस्क हवं होतं. महादू तेव्हा फळीच्या कडेची साल पटाशीनं उचकटत होता. अण्णांनी पाहिलं आणि एकदम त्याचा हात धरला. "थांबा! आत जीव आहेत."

सालीखाली खरंच बारीक बारीक भुंगेरे होते. अण्णांनी कोट काढला, धोतराचा सोगा खोचला, खिशातून मऊ रुमाल काढला आणि एकेक भुंगेरा रुमालावर चढवून मागच्या सरपणाच्या ढिगावर सोडायला लागले. आम्ही हातातली कामं ठेवून बसलो. दुसरं करणार काय? सकाळचे दहा वाजले होते, ते चार वाजले. सांगलीच्या गाडीची वेळ होत आली.

दादा कंटाळून म्हणाले, "अण्णा, झालं का?"

अण्णांनी सालीच्या फटीला डोळा लावला आणि म्हणाले, "आवं, जरा दम काढा. आत अजून एक कुटुंब आवराआवर करतंय!"

*

टेबल कारखान्याच्या दारात असायचं, म्हणून जाणारा येणारा थांबायचा. "काम अर्धंच ऱ्हायलं काय?" हे दिवसातून दहा वेळा ऐकावं लागायचं. दादांनी शेवटी कडांवर पोतं टाकलं. तरी घात झालाच, आणि तो घरातूनच झाला.

दादांचे वडील थोरले बाबा, वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. पण लाकडावर बोटं फिरवली की सूतभर चूक सापडायची. एके दुपारी आम्ही मागे भाकरी खात होतो. पुढून करवतीचा आवाज आला. आम्ही पाहतो तर बाबांनी पोतं बाजूला केलेलं, दोरीला खडू लावून रेघ मारलेली, आणि वाकडी कड सरळ कापायला घेतलेली! हातभर कापूनही झाली होती.

दादा ओरडले, "बाबा, आवं काय केलं हे!"

बाबा शांतपणे म्हणाले, "वरडू नगंस. पोरांनी लय वाकडं कापलंय. गिऱ्हाईक यायच्या आत झाकून टाकतोय."

दुसऱ्या दिवशी साहेब बघायला आले. दादांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मी तर फळ्यांच्या मागेच उभा राहिलो. ती कड आता पुन्हा झाडाला तर चिकटवता येत नव्हती. साहेबांनी त्या हातभर सरळ भागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तेवढ्या जागंवर मिलिट्रीचा मानूस बसंल!"

*

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बैलगाडीत गवत पसरून टेबल मलकापूरला नेलं. चौघांनी उचलून दारापर्यंत आणलं. आत जाईना! आडवं केलं, उभं केलं, पाय पुढे घातले, पाय मागे घातले. पाय तर सरेस लावून, खुंट्या ठोकून कायमचे बसवलेले. अर्धा तास आम्ही ते टेबल दारात फिरवत होतो. घरात मांडव, आचारी, पाहुणे. सुभेदारांच्या मंडळी, त्यांना आम्ही काकी म्हणतो, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं मिस्त्री, घर आधी बांधलं का टेबल आधी केलं?"

शेवटी चौकट काढायची ठरली. ती भिंतीत अशी रुतली होती की पहार लावली तरी हलेना. दादा घामाघूम झाले. "कुनी बसवली रं ही चौकट एवढी घट्ट?"

मी म्हणालो, "मीच."

दादा म्हणाले, "लय चांगलं काम केलंस. आता काढ!"

*

वास्तुशांतीला टेबल सगळ्यांनी पाहिलं. एका पाहुण्यानं कड चाचपून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सुतार पळून गेला व्हय मधीच?" दुसरा म्हणाला, "तसं न्हवं, उरलेलं सुगीनंतर करनार आसंल." मी तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. पाणी देऊन पुढे गेलो.

जेवायची वेळ झाली. साहेबांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. कोणी येईना. "आमचं आपलं खाली बरं हाय," म्हणत पंगत जमिनीवर बसली. बायका वाढायला लागल्या. वाढताना भांडी ठेवायला जागा हवी, म्हणून आमटीचं पातेलं टेबलावर आलं. मग भाताचं आलं. मग बुंदीची परात. शेवटी त्या टेबलाला एका बाजूला सुभेदार बसले होते, आणि बाकी सगळीकडे पातेली!

*

महिन्याभरानं साहेबांचा निरोप आला. करवत घेऊन ये.

गेलो. घरात साहेब, काकी, साहेबांच्या मातोश्री, मुलगा आणि सून, सगळे टेबलाभोवती उभे. साहेब म्हणाले, "पाय काप. वीतभरच ठेव."

मला वाटलं आपल्या ऐकण्यात काही घोटाळा झाला. ते पाय करायला मला अकरा दिवस लागले होते.

साहेब म्हणाले, "बाकीची बसत्यात आता. हिलाच जमत न्हाई. रोज बसती, दोन घास खाती आनि उठून आत जाती."

काकी पदर सावरत म्हणाल्या, "पाय लोंबकळत्यात खुर्चीवर. लोंबकळत घास उतरत न्हाई मला. मांडी घातल्याबिगर जेवल्यागत वाटतंय व्हय? मी बसून बघितलं, हे घरात नव्हते तवा सुदिक बसून बघितलं. न्हाई जमत."

"म्हनून म्हनतो, काप. समदी खाली बसू."

"आनि तुमचा पाय?"

"पसरीन."

"कुठं पसरताय? माझ्या ताटात?"

सून तोंडाला पदर लावून हसली. साहेब चिडले. "काप रं तू!"

मी खाली वाकलो, पायाला करवत लावली. पण हात ओढवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता बोललो. "काकी, तुमचा पाट आणा."

"कशाला?"

"पाटाला पाय लावतो."

काकी आत गेल्या आणि आपला रोजचा पाट घेऊन आल्या. रुंद, जाड, ऐसपैस मांडी मावेल असा. शिरसाचेच तुकडे उरले होते. टेबलाच्या उंचीला बसतील असे चार पाय कापले, आडव्या पट्ट्या मारल्या, खुंट्या ठोकल्या. दुपार कलली. काकींनी एक हात टेबलावर ठेवला, पाटावर चढल्या, मांडी घातली आणि पदर गुडघ्यांवर नीट ओढून घेतला. मग सगळीकडे एकदा बघितलं.

साहेब म्हणाले, "बसा समदी. तू बी बस रं."

मला नको नको झालं, पण बसलो. सहाजण, सहा ताटं. आम्ही बसूनच राहिलो. भाकऱ्या चुलीपाशी, कालवण चुलीपाशी, आणि घरातलं वाढणारं प्रत्येक माणूस टेबलाला बसलेलं! सून उठायला लागली, तर साहेबांनी हातानंच तिला थांबवलं. काकी मांडी मोडायला लागल्या.

"बस," साहेब म्हणाले आणि स्वतः उठले.

काठी टेकत, पाय ओढत ते आत गेले. आत काहीतरी पडलं. मग आणखी काहीतरी पडलं. मग आवाज आला, "अगं, पळी कुठं ठेवलीया?"

काकींनी मांडी जरा आणखी पसरली, दोन्ही हात त्या वाकड्या कडेवर ठेवले आणि बसल्या जागेवरूनच म्हणाल्या,

"हाय तिथंच हाय. बघा!"