पुसून न जाणारे ठिपके

मी रोह्याची, सासर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. सणाआधी आमच्याकडे माणसं ओळखू येत नाहीत. पोरांच्या पायांवर रंग, भाताच्या ताटात रंग आणि सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, मिशीला कायम कुठला तरी रंग. त्यामुळे माझ्या लहानग्या लेकीच्या पायावर लाल-जांभळे ठिपके दिसले, तेव्हा आबा मूर्तीवरून नजर न काढता म्हणाले, "रंग उडालाय गो, पूस."

सकाळपासून पोर तापली होती. ओकली होती, उचललं की किंचाळत होती. एरवी घर डोक्यावर घेणारी ही बया आता डोळेही उघडेना. पोट चुलीसारखं गरम, हातपाय मात्र गार. मी ओल्या फडक्याने पाय पुसला, मग रॉकेलचा बोळा फिरवला. ठिपके जाईनात. फ्रॉक वर केला, तर पोटावरही तेच. फ्रॉकच्या आत रंग उडेल कसा? "आबा, हा रंग नाय," म्हटलं आणि तिला घेऊन पळाले. आबा ब्रश टाकून मागोमाग.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा काचेचा पेला ठिपक्यांवर दाबून धरला. साधं पुरळ काचेखाली फिकं होतं म्हणाल्या, हे झालं नाही. जंतू रक्तात शिरलेत, कदाचित मेंदूच्या आवरणापर्यंतही गेलेत. आधी तपासणी करायची का, असं मी विचारलं.

"तपासणी नंतर. आधी इंजेक्शन. यात थांबलं की मूल हातचं जातं."

इंजेक्शन देऊन त्यांनी आम्हाला मोठ्या इस्पितळाकडे गाडीत घातलं. वाटेत मी तिचे तळवे चोळत देवाला चक्क दमात घेत होते. तुझे इतके डोळे रेखले मी, आता जरा उघडून बघ की!

तिथे घरातल्या सगळ्यांनाही गोळ्या दिल्या, तो जंतू आमच्या घशात असला तर मरावा म्हणून. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे आबांना कुणी सांगितलंच नाही. पोटात रंग गेला म्हणून ते असे भेदरले की भर काळजीत मला हसू फुटलं.

आमच्या गोळ्या संपत आल्या त्या सकाळी सिस्टर सुई घेऊन आली. लेकीने तिचा हात झटकला आणि असा भोंगा पसरला की अख्खा वॉर्ड जागा झाला. "नाय! जा तू!" अस्सल रोह्याचा आवाज, माझ्या माहेरचा. मला इतका आनंद झाला, की मी सिस्टरलाच मिठी मारली.

आबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. सासूबाई गेल्या तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. जवळ गेले तर म्हणाले, धूळ गेली डोळ्यात. पण त्या गोळ्या आसवंही रंगवतात. खांद्यावरच्या पांढऱ्या पंचावर नारिंगी डाग अजून ओले होते.