मनोहर आणि बोटीचा धक्का

मनोहर गेल्याचं मला रिक्षावाल्याने सांगितलं. मी बंदरावर जाळं सांधत बसलो होतो. त्याने रिक्षा थांबवली आणि आतूनच म्हणाला, "बापू, तुमचे स्टुडिओवाले गेले." मी म्हटलं, "कुठे गेले?" खरं तर मला कळलं होतं... तरी विचारलं. तो बिचारा खाली उतरून माझ्याशेजारी येऊन बसला, तेव्हा मी जाळं खाली ठेवलं. त्याला आता दोन महिने होतील. त्याच्यावर लिहायला आलेली पेपरवाली मुलगी म्हणाली, काका, तुम्ही नुसतं बोला, मी लिहून घेते. मी नको म्हटलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वाकडं आहे, पण मित्र माझा आहे.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे त्याचा फोटो स्टुडिओ होता. हनुवटी वर करा, थोडी खाली करा, असं सांगत त्याने अर्ध्या गावाचे फोटो काढले. लग्नात नवरानवरी खिडकीला पाठ करून उभी राहिली की ओरडायचा, "उजेड मागे घेऊ नका, तोंडं काळी येतील!" आणि रविवार आला की हाच माणूस कॅमेरा गळ्यात घालून आमच्या वाडीखाली यायचा, जुन्या बोटीच्या धक्क्याचे फोटो काढायला. मुंबईची आगबोट चालू होती तेव्हाचा हा जांभ्याचा धक्का. आता कडा ढासळल्यात, पायऱ्या शेवाळाखाली गेल्यात, टोकाच्या लोखंडी खुंट्यावर बगळा बसतो. त्याचे एवढे फोटो काढून काय करतो, असं लोक विचारायचे. मीही एकदा म्हटलं, "मेल्या, फोटो काढतोस की पंचनामा करतोस?" तो हसला. उत्तर मला माहीत होतं.

आम्ही दुसरीत असताना त्याचे वडील त्या धक्क्यावरून मुंबईला गेले. बोट धक्क्याला लागत नसे, लांब खोल पाण्यात थांबायची. माणसांना पडावात बसवून तिथवर न्यायचे. पडाव म्हणजे मोठी होडी, आणि ती चालवणारा तांडेल माझा बाप. वडील जाताना मनोहरला आणि त्याच्या बहिणीला, इंदूताईला, सांगून गेले, "वर चढलो की हात करीन, तुम्ही पण करा." पोरं धक्क्याच्या टोकाला उभी राहिली आणि हात हलवत राहिली. बोटीचा भोंगा झाला, बोट वळली, दिसेनाशी झाली... वरून हात काही दिसला नाही. आणि तो माणूस परत आला नाही. कोण म्हणे गिरणीत आहे, कोण म्हणे दुसरा संसार मांडला. आईने कुंकू पुसलं नाही आणि त्याचं नावही काढलं नाही.

मनोहरच्या डोक्यात तेवढा एक हात अडकून राहिला. त्यांना आपण दिसलोच नसू, म्हणून त्यांनी हात केला नाही, असं तो धरून बसला होता. दिसलो असू आणि तरी केला नसेल, हे त्याला सोसत नव्हतं. मोठा झाल्यावर माझ्या बापालाही त्याने विचारलं. बाप म्हणाला, "बाबा रे, रोजची एवढी माणसं, हात कोणी केला ते मी बघत बसू काय?" मी त्याला कितीदा सांगितलं, चल, होडीतून नेतो, बोट थांबायची तिथून धक्का बघ, म्हणजे एकदाचं कळेल. पण त्या दिवसानंतर त्याने होडीत पाय ठेवला नव्हता. पाण्याला भितो म्हणायचा. मला वाटतं, तो पाण्याला भीत नव्हता.

गेल्या वर्षी मे महिन्यात टोकाला मोठी चीर गेली. मी म्हटलं, या पावसात टोक जाणार, मग तू आहेस आणि तुझे फोटो आहेत. तो पुढच्या रविवारी इंदूताईला पिवळं लुगडं नेसवून घेऊन आला. ती म्हणत होती, "या वयात मला कुठे उभी करतोयस रे, पडले तर?" पण जाऊन उभी राहिली, लहानपणी जिथे राहिली होती तिथेच.

बोट यायची ती दुपार कलल्यावर, म्हणून आम्ही त्याच वेळेला निघालो. मनोहर होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसलेला, जशी काही होडी तोच तोलतोय. वारा पडला होता. पाणी असं की तेल ओतलंय... मी इंजिन बंद केलं आणि होडी आपली आपण थोडी पुढे जाऊन थांबली. कुठलाच आवाज नाही. मला उगीच वाटलं, आपल्या मागे ती बोट उभी आहे, तिची सावली अंगावर पडलीय, मागे बघितलं तर दिसेल. मी बघितलं नाही.

"इथे थांबायची?"

"इथेच. आता वळून बघ."

तो वळला. सगळं ऊन धक्क्यावर पडलं होतं. दगड न् दगड तांबडा झालेला. टोकाला पिवळं लुगडं, आणि तिने हात वर केला, तोसुद्धा दिसला.

"बापू... दिसतंय रे सगळं."

"दिसणारच. तू काय आंधळा आहेस?"

"म्हणजे आम्ही दिसलो त्यांना."

खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं ते समोरच होतं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. परत लावला, परत खाली घेतला. मग बाजूला ठेवून दिला आणि हात वर केला. हळूहळू हलवत राहिला, धुरकट काच पुसावी तसा. किती वेळ, मी सांगू शकत नाही. फोटो राहिलाच. समुद्राकडून काढलेला त्या धक्क्याचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता.

परत आलो तर इंदूताई कमरेवर हात ठेवून उभी. "मेल्या, खांदा दुखला माझा! एकदा तरी हात करायचास की नाय?"

"केला की."

"कधी?"

"केवढा वेळ करत होतो. बापूला विचार."

"करत होता," मी म्हटलं.

"मग मला कसा नाय दिसला?" तिने कपाळावर हात धरला आणि समुद्राकडे बोट दाखवलं. "बघ तूच. ऊन सगळं डोळ्यांत येतंय. ती तिकडे होडी चाललीय ना, नुसती काळी. त्यात माणूस कुठला आणि टोपली कुठली, काय कळतंय?"

मनोहर तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मीही बघितलं. पाणी पेटल्यासारखं, आणि त्यात काळी होडी. असले फोटो त्याच्याकडे ढिगाने होते. लग्नात लोकांना ओरडणारा माणूस... तो तिथेच दगडावर बसला.

"अगो बाई," इंदूताई म्हणाली. तिला उशिरा कळलं. तीही खाली बसली. "म्हणजे त्यांनी केला असेल."

"असेल," मनोहर म्हणाला.

केलाच, असं मी म्हणणार नाही. आणि केला असला तरी पोरांना टाकून गेला तो गेलाच, माझं मत काही बदललेलं नाही. पण मनोहर त्यानंतर रविवारी यायचा तो हात हलवत, कॅमेरा नसायचा. माझ्याकडे चहा प्यायचा आणि भरतीचं पाणी बघत बसायचा. पावसात टोक गेलं, खुंट्यासकट गेलं. मी फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "जाऊ दे."

अस्थी घेऊन त्याचा मुलगा आला, तेव्हा मीच होडी काढली. इंदूताई होडीत आली नाही, उरलेल्या धक्क्यावर थांबली. मला म्हणाली, "बापू, मला काय दिसायचं नाय. तरी हात कर." मी म्हटलं, "मी काय पोर आहे?"

बोट थांबायची तिथे मुलाने कलश पाण्यात सोडला. फुलं थोडा वेळ होडीभोवती फिरली आणि लांब गेली. मी मागे वळलो. अर्धा राहिलेला धक्का उन्हात तांबडा, आणि त्यावर ती. उन्हाने डोळे मिटलेले असणार. हात मात्र हलत होता.

मी सुकाणू सोडलं आणि दोन्ही हात वर केले.